पापडाचा दोरा

आई पापडाचं पीठ कुटते आहे. हिंगाचा वास शंकर नगरच्या या घरात पसरला आणि मला बाबांचा नकाशा आठवला.

तेव्हा आमचं रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. ऑफिसात कामाचा ढीग असूनही बाबांनी हिमालयात सहा दिवस गोल फिरून यायचा बेत आखला होता. नकाशावरची वळणं त्यांना पट्टीनं काही मोजता येईनात. शेजारी पापडाच्या लाट्या कापत बसलेल्या आईनं हातातला तेलकट दोरा त्या वाटेवर फिरवला आणि दोन्ही टोकं जुळवली.

"कोन कोन जाऊन राहिले?" तिनं विचारलं.

"मी अन् पोट्टी."

"मले काहून नाही नेत?"

बाबा हसले. मीही हसले. आई दोरा उचलून पुन्हा लाट्या कापू लागली. पुढे बाबांना रजाच मिळाली नाही.

ते हसू मला आता सलतं. नकाशावर तेलाचं कडं अजून आहे. मघाशी मी तो आईपुढे पसरला आणि त्यावर तिचं आणि माझं अशी त्याच वाटेची दोन तिकिटं ठेवली. हात पुसून तिनं ती उलटीसुलटी पाहिली.

"अन् तुह्या बाबाले काहून नाही नेत?"