रिसबूडकाकांची फिरवलेली जबानी

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई अजून अंगठाच लावते. अशा घरातल्या मुलाने कुणाबद्दल लिहायला बसावं, आणि तेही ज्यांना एक शब्द जास्त झालेला खपत नसे अशा माणसाबद्दल, हा आगाऊपणा आहे. काका असते तर त्यांनी कागद हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला असता, "यातलं ऐकीव किती आणि पाहिलेलं किती?" म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बरणीचं बूड चाटत होते.

मी अलिबागच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. इतिहासाच्या सरांनी आमचा वर्ग चौलला रिसबूडकाकांच्या घरी नेला होता. चौल एके काळी मोठं बंदर. तिथल्या वाड्यांमध्ये माडासाठी खड्डा खणला की अजूनही निळ्या नक्षीच्या चिनी भांड्यांची खापरं निघतात. रिसबूडकाका अलिबागच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. ते ही खापरं गोळा करत, आणि कुणी घरातलं जुनं चिनी भांडं आणलं तर ते खरं की नकली हे सांगत. त्या दिवशी रेवदंड्याचे एक गृहस्थ बरणी घेऊन आले होते. काकांनी ती उपडी केली, उजेडाला धरली, नखाने टिचकी मारून कान लावला, आणि मग तीस मुलांसमोर बुडाच्या कडेवरून जीभ फिरवली. मुली तोंड वाकडं करून मागे सरल्या. मी तसाच बघत राहिलो.

"झिलई डोळ्यांना फसवते," ते म्हणाले. "बुडाच्या कडेला झिलई नसते, तिथे माती उघडी असते. ती जिभेला कळते. जीभ चाटते तोवर प्रामाणिक असते, बोलायला लागली की बिघडते."

त्यानंतर मी रविवारी चौलला जाऊ लागलो. मी थळचा, म्हणून ते मला थळकर म्हणत. माझं आडनाव त्यांनी कधी वापरलं नाही. त्यांची शिस्त कोर्टाची होती. प्रत्येक भांड्याबद्दलचं मत ते चिठ्ठीवर लिहीत, खाली सही करत, आणि कार्बनची प्रत स्वतःकडे ठेवत. पैसे घेत नसत. "मत म्हणजे जबानी. सही झाली की शपथ झाली," असं म्हणत. ऐकीव पुरावा त्यांच्याकडे चालत नसे. एकदा कुणी सांगू लागला की ही सुरई आमच्या पणजोबांना चिनी जहाजाच्या कप्तानाने दिली. काका शांतपणे म्हणाले, "पणजोबा साक्षीला कधी येतात?" तो माणूसही हसला.

त्यांच्या पडवीच्या भिंतीवर तारेने टांगलेली एक निळी मोठी बशी होती, त्यांच्या वडिलांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आणलेली. कमळं, त्यांच्यात बदकं, आणि बुडाच्या कडेला जुन्या मातीत येतो म्हणतात तसा तांबूस पट्टा. आलेलं प्रत्येक भांडं ते त्या बशीखाली धरून बघत. "ही माझी फूटपट्टी," म्हणत. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण विचारायचं धाडस झालं नाही. सगळ्या भांड्यांची बुडं चाटणाऱ्या काकांना ती बशी मी कधी खाली उतरवताना पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे एक वाडगा होता. माझे वडील मासेमारी करायचे. मी लहान असताना त्यांच्या जाळ्यात तो दर्यातून वर आला होता. जाड, करड्या अंगाचा, आत एक निळं फूल, आणि बुडाला वाळूचे कण चिकटलेले, खरवडूनही न निघणारे. मी नववीत असताना वडील गेले. तेव्हापासून आईने तो त्यांच्या फोटोसमोर ठेवला होता. त्यात रोज एक फूल घाली. कौतुकाने मी तो काकांकडे नेला. त्यांनी टिचकी मारली, चाटला, बशीखाली धरला. म्हणाले, "माझ्या बशीला वाळू आहे का, थळकर?" आणि चिठ्ठी लिहिली: अलीकडचा, सामान्य, बाजारातला.

ती चिठ्ठी मी आईला वाचून दाखवली. वाचता येतं हे दाखवण्याची तेव्हा फार हौस होती. दुसऱ्या दिवशी वाडग्यात फूल नव्हतं. आठवड्याने मीच तो उचलून चुलत्याच्या होडीत आमिषासाठी ठेवला.

मग चक्रीवादळ आलं. चुलत्याची होडी उलटी होऊन दगडांवर आपटलेली सापडली. तिच्यातलं काहीच उरलं नव्हतं. वाडगा तेव्हा मला आठवलासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मी सायकलने चौलला गेलो, कारण बस बंद होती आणि काकांचा फोन लागत नव्हता. रस्त्यावर माड आडवे पडले होते. काकांच्या घरावर पोफळी कोसळून कौलं फुटली होती. काका उंबऱ्यावर बसले होते. मांडीवर पंचा, आणि पंच्यात बशीचे तुकडे.

"थळकर, इकडे या," ते म्हणाले, आणि त्यांनी मला जीभ काढून दाखवली.

जीभ तपकिरी झाली होती. पान खाल्लं असावं असं वाटलं, पण काका पान खात नसत. त्यांनी एक तुकडा माझ्या हातात दिला. दोन दिवस पाण्यात पडलेल्या बशीच्या बुडाचा तो तांबूस पट्टा माझ्याही अंगठ्याला लागला. खालून खडूसारखी पांढरी माती निघाली. मोडलेली कड तर हॉटेलातल्या बशीसारखी शुभ्र.

"रंग फासलाय," ते म्हणाले. आवाज जबानी वाचून दाखवतात तसा, सपाट. "पन्नास वर्षं भिंतीवर होती. वडील खरी म्हणाले होते, म्हणून कधी उतरवली नाही."

मी पुटपुटलो की त्यांच्या वडिलांनाच कुणी फसवलं असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "फसवणाऱ्याचं जाऊ द्या. तिच्याकडे बघून मी किती सह्या केल्या ते मोजा."

खाटेखाली एक घमेलं होतं. त्यांच्याच वाडीत खोलवर सापडलेली, बुडाला वाळू असलेली खापरं बशीशी जुळत नाहीत म्हणून त्यांनी त्यात टाकून दिली होती. त्या खापरांचे फोटो त्यांनी मुंबईच्या एका जाणकार बाईंना पाठवले. उत्तर आलं: ही जुनीच, जहाजं भरभरून येत ती हीच, भांडं चिकटू नये म्हणून भट्टीत वाळू पसरत, तीच बुडाला बसते. म्हणजे त्यांनी खऱ्याला खोटं म्हटलं होतं, आणि कित्येक खोट्यांना खरं.

त्यानंतर काकांनी जे केलं ते माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यांनी सगळ्या कार्बन प्रती काढल्या आणि ज्या ज्या मतावर बशीची सावली होती, त्या त्या घरी जाऊन ते मत मागे घेऊ लागले. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे. एक-दोन ठिकाणी मी सोबत होतो. अलिबागच्या एकाने त्यांच्या चिठ्ठीवर विसंबून मुलीच्या सासरी बरणी दिली होती. तो म्हणाला, "नाझरसाहेब, जन्मभर दुसऱ्यांच्या फिरलेल्या जबान्या पाहिल्यात. आता स्वतःची फिरवताय?"

"हो," काका म्हणाले. "लिहूनच आणली आहे."

त्या गठ्ठ्यात आमचीही प्रत आहे हे मला माहीत होतं. ती हरवलेली असू दे, असं मी मनात म्हणत होतो. होडीबद्दल मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

एका सकाळी ते न कळवता रिक्षाने थळला आले. आई अंगणात जवळा पसरत होती. खुर्ची दिली तरी ते ओट्यावरच बसले. म्हणाले, "वहिनी, तुमच्या वाडग्याला मी बाजारातला म्हटलं होतं. तो खरा आहे, शेकडो वर्षांचा. चूक माझी. जरा आणता का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं. होडी, आमिष, वादळ. काका उठू गेले आणि पुन्हा बसले. त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी बशीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

आई शांतपणे म्हणाली, "त्यांच्या हातानं दर्यातनं वर आलेला, काका. खरा का खोटा, मी कवा इचारलं व्हतं?"

काकांनी तिला, पोराला ओरडू नका, असं सांगितलं आणि वाडग्यातलं फूल कसं होतं ते विचारलं. तिला सगळं पाठ होतं: पाकळ्या पाच, एक अर्धवट राहिलेली, भोवती दोन रेघा, एक तुटक. त्यांनी ते टिपून घेतलं. नंतर नवी चिठ्ठी लिहिली: वाडगा खरा होता, माझे आधीचे मत चूक. आईने ती चिठ्ठी फोटोसमोर ठेवली आणि तिच्यावर फूल ठेवलं. ते अजून रोज ठेवते.

पुढे मी शिकायला पनवेलला गेलो. फोन बदलला, चौलच्या फेऱ्या कमी झाल्या. ओहोटीला एक म्हातारा काठी आणि पिशवी घेऊन थळच्या किनाऱ्यावर वाकून चालतो, असं चुलते सांगत. काका खापरं वेचत असतील, एवढंच माझ्या मनात आलं.

गेल्या महिन्यात सुटीत घरी होतो. पुण्याहून त्यांची मुलगी पत्ता शोधत आली. बाबा जाऊन दीड महिना झाला, तुमचा नंबर लागत नव्हता, म्हणाली. तिच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, वर काकांच्या अक्षरात 'थळ'. आत कागदात गुंडाळलेले तेवीस तुकडे, प्रत्येकाबरोबर चिठ्ठी. थळ किनारा, वाळू आहे, रेघ एकच, तो नाही. थळ किनारा, फूल वेगळे, तो नाही. खाली सही. ती म्हणाली, "मी बाबांना म्हटलं होतं, एखादा तुकडा 'हाच तो' म्हणून देऊन टाका, थळच्या बाईंना काय कळणार आहे. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

तेविसाव्या चिठ्ठीवर फक्त 'थळ किनारा' होतं. मत नव्हतं, सही नव्हती.

आईने तो तुकडा हातात घेऊन ओल्या पदराने पुसला. "ह्यो त्यांचाच का रं?" तिने विचारलं.

मी तुकडा उलटा केला आणि बुडाच्या कडेवरून जीभ फिरवली. वाळू होती, माती जुनी होती. आत फुलाचा अर्धा भाग उरला होता. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पाकळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. अर्ध्यातच चार होत्या, चारही पूर्ण. सबंध फूल आठांचं झालं असतं.

"न्हाय, आये," मी म्हणालो.

मग पेन घेऊन चिठ्ठीवर 'तो नाही' लिहिलं आणि खाली माझी सही केली.