दोन बोटं क्लचवर

देशातल्या जुन्या मोठ्या मोटरसायकल रेसरांची आठवण निघाली की चार-पाच नावं ठरलेली असतात. कुणी मद्रासच्या ट्रॅकवरचा, कुणी पुण्या-नाशिकच्या मातीतला. त्यांच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही; मोठीच माणसं ती. पण त्या यादीत एक नाव नाही, आणि ते नसण्याला कारण मी आहे. हे मी अठ्ठावीस वर्षं कुणालाही सांगितलं नाही. इंजिन माझ्या ताब्यात होतं. चूक मी केली आणि दोष भटूआप्पांच्या हातावर गेला, तेव्हा मी तो जाऊ दिला.

भटूआप्पा शिंदखेड्याकडचे, अहिराणी बोलणारे. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये ते रंगमास्तर होते आणि मी तिथेच फिटर. माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी माझं लक्ष गेलं ते त्यांच्या डाव्या हाताकडे. चहाचा ग्लास धरलेला असो की देवापुढे हात जोडलेले असोत, अंगठ्याशेजारची दोन बोटं कायम अर्धी वाकलेली आणि पुढे काढलेली. मी विचारलं, "आप्पा, बोटं आखडली का?"

"टू-स्ट्रोक इंजिन काय सांगीसन जाम व्हस का, भो?" ते म्हणाले. "ज्या दिवशी जाम व्हई, त्या दिवशी बोटं तठेच पाहिजेत."

वेगात असताना इंजिन जाम झालं की मागचं चाक जागच्या जागी अडकतं आणि गाडी माणसाला फेकून देते. त्या क्षणी क्लच दाबला तर चाक सुटतं आणि माणूस वाचतो. म्हणून दोन बोटं क्लचवर. आप्पा झोपेतही क्लच धरतात, असं सुमनवहिनी सांगायच्या.

त्यांची गाडी म्हणजे दुधवाल्याकडून घेतलेली शंभर सीसीची टू-स्ट्रोक. मडगार्ड काढलेलं, चेन मिलच्या ग्रीसने माखलेली. बूट म्हणजे रंगखात्यातले गमबूट. शर्यतीला शहरातली पैसेवाल्यांची पोरं बाहेरून मागवलेली जॅकेटं घालून यायची. आप्पांच्या हातांवर मनगटापर्यंत निळा-जांभळा रंग बसलेला असायचा. एकाने एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, हाथ तो धो के आओ."

आप्पांनी त्याच्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून पाहिली. "ये हमारेच हाथ का रंग है, सेठ. हम धोएंगे तो तुम्हारा शर्ट फीका पड़ेगा." त्या दिवशी ते पहिले आले, आणि बक्षीस घ्यायलाही हात न धुताच गेले.

प्लेगच्या साली अर्धी सुरत पळाली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पांनी माझ्या म्हाताऱ्या आईला मागे बसवून नवापूरला माझ्या बहिणीकडे पोहोचवलं आणि दुसऱ्या दिवशी परत सुरतेत हजर. मी म्हटलं, "सगळे जाताहेत आणि तुम्ही परत काय आलात?"

"उधना रोड एवढा मोकळा परत कधी भेटी?" तोंडाला रुमाल बांधून तीन दिवस त्यांनी त्या ओस रस्त्यावर सराव केला. एका हवालदाराने हटकलं, तर त्यालाच म्हणाले, "साहेब, तुम्ही पण आहात ना ड्यूटीवर? मग मी पण आहे."

आता रंगाची गोष्ट सांगायला हवी, कारण माझा गुन्हा तिथेच आहे. रंगमास्तराचं काम म्हणजे रंगवलेला कपडा गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळवून पाहणं. आमच्या खात्यात उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती. आप्पांचा नियम असा की रंग पाहायचा तो त्या खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. "बल्ब खोटा बोलस," ते म्हणायचे. पिवळ्या बल्बखाली पांढरंसुद्धा मळकं दिसतं. बल्बखाली पास केलेला कापडाचा ताका ते परत रंगवायला लावायचे, मग मालक कितीही ओरडो.

इंजिनचा प्लगही ते तसाच पाहायचे. गाडी पळवली की प्लग खोलून खिडकीपाशी न्यायचा. टोकावरच्या चिनीमातीचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा असेल, तर इंजिनला पेट्रोल बरोबर मिळतंय. पांढरा असेल तर कमी मिळतंय. गाडी जास्त पळेल, पण तापून जाम होईल.

प्लेगच्या पुढच्या वर्षी, हिवाळ्यात, इच्छापोरच्या पुढे मोकळ्या जमिनीवर मोठी शर्यत ठरली. दक्षिणेतल्या एका कंपनीच्या टीमचा माणूस ती पाहायला येणार होता आणि एकाला टीममध्ये घेणार होता. टीम म्हणजे चांगली गाडी, देशभरच्या शर्यती. आप्पा चौतीस वर्षांचे होते. "यंदा नही ते कधीच नही," एवढंच ते बोलले.

शनिवारी संध्याकाळी आप्पा पाळीवर होते. मी मिलमागच्या शेडमध्ये गाडी तयार करत होतो. जॅकेटवाल्या पोरांच्या गाड्यांचा वेग माझ्या डोक्यात बसला होता. मी आप्पांना न विचारता कार्बोरेटरमध्ये बारीक भोकाचा जेट बसवला, म्हणजे पेट्रोल कमी, वेग जास्त. गाडी पळवून आणली, तेव्हा अंधार पडला होता. प्लग खोलला आणि शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली धरला. बिस्किटासारखा दिसला. मी खूश झालो.

सकाळी निघताना आप्पांनी विचारलं, "रवी, प्लग खिडकीपाशी देखा का?"

"देखा, आप्पा," मी म्हणालो.

पाच वर्षं मी रंगखात्याच्या भिंतीला भिंत लावून काम केलं होतं. बल्बखाली रंग पाहू नये हे झाडूवाल्यालाही माहीत होतं.

शर्यतीत आप्पा दुसऱ्या फेरीपासून पुढे होते. दुधवाल्याची गाडी पुढे आणि जॅकेटवाले तिची धूळ खात मागे, हे मी डोळ्यांनी पाहिलं. टीमचा माणूस खुर्चीवरून उठून उभा राहिला. शेवटून दुसऱ्या फेरीत, लांब सरळ पट्टीवर, इंजिन जाम झालं. गाडी एकदम मंदावली, मागच्याला वळवता आलं नाही आणि तो येऊन आदळला. आप्पा उडून पडले. क्लचच्या दांडीखाली डाव्या हाताची तीच दोन बोटं चिरडली.

मी दोरीपर्यंत धावलो. आप्पा उठले होते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, डावा हात छातीशी धरून, उजव्या हाताने ती ढकलत चालले होते. संयोजकांतला एक ओरडला, "बाजू पर आ जाओ, रेस खतम."

"एंट्री भरी है," आप्पा म्हणाले. "लाइन के पार जाऊंगा."

कुणी हात लावला तर बाद होणार म्हणून मी दोरीबाहेरून त्यांच्या बरोबरीने चालत राहिलो. एक पूर्ण फेरी राहिली होती. सगळे घरी निघाले होते, मंडपाच्या खुर्च्या उचलत होते. आप्पांनी रेषा ओलांडली, गाडी स्टँडला लावली आणि मगच खाली बसले.

तोवर मागून आदळलेल्या पोराने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "काकांचं चाक लॉक झालं, क्लच दाबायला उशीर केला." टीमच्या माणसाने मला बाजूला घेतलं. "पेट्रोल का मिक्स्चर बराबर था?"

"बराबर था, साहब."

"तो फिर राइडर का हाथ लेट है," तो म्हणाला आणि कागदावर काहीतरी खोडलं.

मी खोटं बोललो ते नुसतं जेटबद्दल नाही. गाडी जाम झाली तिथली माती मी पाहिली होती. चाक घसटल्याची खूण हातभरसुद्धा नव्हती. म्हणजे आप्पांनी क्लच त्याच क्षणी दाबला होता, चाक सुटलं होतं. ते पडले मागच्या धडकेने. हे फक्त मला माहीत होतं. मी परत आल्यावर जुना जेट बसवला, प्लग खोलून उजेडात पाहिला. पांढराफेक. तो मिलमागच्या खाडीत टाकून दिला.

आप्पांना पडतानाचं काहीच आठवत नव्हतं. लोक म्हणाले ते त्यांनी मानलं. दवाखान्यात बोटांकडे पाहून म्हणाले, "वेळवर पडना नही रे मना हात."

पण ते बसून राहिले नाहीत. चिरडलेली बोटं पुरती वाकेनात, तर त्यांनी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाने क्लच धरायचं शिकून घेतलं. सायकलच्या ब्रेकची दांडी रंगखात्यातल्या टेबलाला ठोकली आणि रोज चहाच्या सुट्टीत ती दाबत बसायचे. डॉक्टरांनी बंदी केली होती. त्यांना म्हणाले, "तुम्ही हाडं जोडा, हाताचं मी पाहतो." पुढच्या दोन वर्षांत व्यारा-बारडोलीकडच्या शर्यती त्यांनी त्या उरलेल्या बोटांनी मारल्या. मात्र तिथे टीमचा माणूस कधी आला नाही. दांडी दाबताना ते मला हसून सांगायचे, "आज वेळवर पडना, देख." मी मान हलवायचो. माझ्या तोंडून एक वाक्य निघायला हवं होतं. निघालं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी मी त्यांच्या नवागामच्या घरी गेलो. जुन्या रेसरांवरचा एक व्हिडिओ त्यांना मोबाइलवर दाखवला. आप्पांनी तो शेवटपर्यंत पाहिला. "हा चांगला गडी व्हता. हा बी." कुठे हेवा नाही. मग डावा हात उलटासुलटा करून पाहिला आणि त्या हातालाच म्हणाले, "तुले जरासा उशीर झाया."

मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. जेट, बल्ब, सकाळचं खोटं, साहेबासमोरचं खोटं, मातीतली खूण.

आप्पांनी मोबाइल खाटेवर ठेवला. मग म्हणाले, "बल्ब पिवळा व्हता?"

"हो."

"खूण केवढी व्हती?"

मी माझं कोपर ते मनगट दाखवलं. त्यांनी ते अंतर डोळ्यांनी मोजलं, रंग जुळवताना पाहायचे तसं, सावकाश. वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या.

मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी खांद्याला धरून मला वर केलं. आवाज चढला होता. "मनी माफी नको मांगू. मी काय, पडना, उठना, पुढे गया." त्यांनी डावा हात माझ्यापुढे खाटेवर ठेवला. "अठ्ठावीस वर्षं मी ह्याले शिव्या दिन्यात. ह्याची मांग."

खिडकीतून चांगला उजेड येत होता. मी ती दोन वाकडी बोटं माझ्या दोन्ही हातांत धरली आणि वहिनींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुम्ही वेळेवर होतात. उशीर मी केला. मला माफ करा."