अप्पांचा थंड डाव

नळदुर्गाहून देवीच्या दर्शनाला आलेल्या एका ओळखीच्या माणसानं तुळजापूरच्या बाजारात मला थांबवून सांगितलं, "मास्तर, शिवलिंगअप्पा गेले." माती आदल्या दिवशीच झाली होती... मला पोचता आलं नाही.

अप्पांचं नळदुर्गात भुसाराचं दुकान. मी तिथल्या शाळेत होतो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. त्याचे हाली शिक्के, जुनी नाणी, अजून डावावर पडायचे. रविवारी दुपारी दुकानामागं तिर्रट रंगायची, तीन पत्त्यांची. मी खेळत नसे, अप्पांच्या पाठीशी बसे. हलका पत्ता आला की ते जोरात चाल करत. भारी आला की सुस्कारा टाकून चुन्याची डबी शोधत बसत. कारण विचारलं तर म्हणाले, "भारी पत्त्याला घाई न्हाय करायची, मास्तर. समोरच्याला वाटलं पाहिजे, आपणच जिंकायलोय."

एका रविवारी समोर त्यांचा धाकटा मेहुणा सिद्राम होता. अप्पांना तीन राजे आले. ते कुरकुरत, जरा जराच चाल वाढवत राहिले. दर वेळी वाटावं, आता पत्ते टाकतील. बाकीचे उठले. जवळचं सगळं संपल्यावर सिद्रामनं बैलजोडी लावली. तिथंच पत्ते उघडून त्याला थांबवता आलं असतं. अप्पांनी आधी मान डोलावली, मग राजे मांडले. सिद्रामकडं तीन दश्श्या होत्या.

त्या दिवशी घरी गंगव्वांनी नवऱ्याला जेवायला वाढलं आणि त्या स्वतः न जेवताच उठल्या. दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः जोडी घेऊन सिद्रामच्या दारी गेले. मी सोबत होतो. सिद्रामनं कासऱ्याला हात लावला नाही.

"हरलेलं परत घेत न्हाय मी, दाजी. तुम्ही मला आपला म्हणून वळखलं न्हाय तिथं, एवढंच."

तो सोलापूरला गिरणीत गेला आणि बहिणीच्या दारी फिरकला नाही. अप्पांनी पुन्हा पत्त्याला हात लावला नाही. बैल विकलेही नाहीत. म्हातारे होऊन ते अप्पांच्याच गोठ्यात मेले.

अप्पा गेल्याचं कळल्यावर पुढच्या आठवड्यात मी नळदुर्गाला गंगव्वांना भेटायला गेलो, तर सिद्राम आलेला. केस पिकलेले. दुकानाच्या ओट्यावर एक स्टूल होतं, तो त्यावर टेकणार तोच गंगव्वा म्हणाल्या, "सांजची सोलापूर गाडी येईस्तोवर तुझे दाजी तिथं बसायचे. कुणाची वाट बघायलेत, ते कधी बोलले न्हाईत."

सिद्राम स्टुलावर बसला नाही. खाली, त्याला पाठ टेकून बसला. गाडी आली, माणसं उतरून आपापल्या वाटेनं गेली. गंगव्वांनी दुकान बंद केलं, पण सवयीनं, अप्पांना आत यायला, दाराची एक फळी उघडीच ठेवली.