सागवानी ठोकळा

बायको गेली तेव्हापासून घरी कोणी आलं की मी आधी त्याच्या हाताकडं पाहतो. रिकाम्या हातानं आलेला माणूस काहीतरी न्यायलाच आलेला असतो. तेरवी झाल्यावर दोघं आले होते. टीचरचा, म्हणजे तिचाच, सत्कार करायचा आहे म्हणाले, तिचे घुंगरू द्या, मंचावर ठेवू. दिले. घुंगरू परत आलेच नाहीत. वरून त्या सत्कारात तिच्या फोटोपुढं उभा राहून भाषण करणारा स्वतःलाच इथला पहिला नृत्यशिक्षक म्हणवून घेत होता.

पहिली तर तीच. माहेर सिरोंचाकडचं, नदीपलीकडं मामाच्या घरी नाच शिकलेली. ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात तिनं भरतनाट्यम शिकवायला घेतलं तेव्हा शेजारीण मला विचारायची, "भाऊ, दिवसभर काय कुटून राह्यले तुमच्या घरी?" ताल द्यायला मीच तिला सागवानाचा ठोकळा करून दिला. ती त्यावर दांडी मारायची, पोरी पाय मारायच्या. मारून मारून त्याला एका बाजूला खड्डा पडला.

आता तो ठोकळाच मागायला एक बाई आली. चंद्रपुरात तिचा क्लास. टीचरकडं शिकले म्हणाली. मला चेहरा आठवेना. तेव्हा पोरी यायच्या आणि मी ड्युटीवर असायचो.

"काकाजी, ठोकळा मले द्या न. क्लासमंधी वापरीन."

"काचेत ठेवसान, हार घालसान, फोटो काढसान."

"नाई जी!"

"घुंगरूवाले बी नाई जीच म्हणे."

चहा दिला. उजव्या हातानं प्यायली. मग म्हटलं, वाजवून दाखव. तिनं आधी जमिनीला हात लावून डोळ्यांना लावला. एवढं तर टीव्हीवरचेही करतात. मी बधलो नाही. तिनं ठोकळा ओढला, खड्डा आपल्याकडं येईल असा फिरवला आणि दांडी धरली डाव्या हातात.

"डाव्या हातानं काऊन?"

"मंग? ताल डाव्याच हातानं देतेत न. माह्या साऱ्या पोरी तशाच शिकल्या. परीक्षेले येणारे हासतेत, तर हासू द्या. आमच्या टीचरची रीत हाय."

रीत कसली! माझी बायको डावखुरी होती. तिच्या मायनं मारून मारून जेवण तेवढं उजव्या हातावर आणलं होतं, बाकी सगळं डाव्यानं. पोरींनी ती रीत समजून उचलली आणि आता त्यांच्या पोरीही तसंच करतात.

मी "मार," म्हटलं.

दांडी बरोबर खड्ड्यात पडली. तै या तै. मी उठून आत पाणी प्यायला गेलो. तहान नव्हती.

ठोकळा दिला. तिच्या स्कुटीवर सुतळीनं मीच करकचून बांधला. दांडी मात्र हातातच ठेवली.

"अन् दांडी?"

"ते मी घेऊन येतो बुधवारी. क्लास चालू असताना. न सांगता. ठोकळ्यावर फुलदाणी दिसली तर ठोकळा उचलून घरी आणीन."

ती हसली. "या न काकाजी. पण खुर्ची नाई आमच्याकडं."

"मले बसाचं नाई," मी म्हटलं. "पाहाचं हाय."