शेपटी तेवढी सोडली

"शेपटीला रंग लागणार नाय, साडूभाऊ. बाकी काय ते रंगवतो," लांगूलआप्पा पिंजऱ्यापाशी उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की ते पेणच्या गणपतीच्या कारखान्यात बोलले की कासू स्टेशनावर माणसं गाडी आली समजून सामान उचलत.

आप्पा गणपतींचे डोळे आखायचे, पण गावाने नाव ठेवलं ते वानरांवरून. कोणी 'लंगूर' म्हणालं की हातातला ब्रश खाली. "लांगूल म्हणजे शेपूट. शेपूटवाला तो लंगूर. त्याची ओळख शेपटीत असते, तोंडात नाय." हे त्यांनी एसटीच्या कंडक्टरला, नव्या जावयाला आणि दाढ उपटणाऱ्या डॉक्टरलाही, तोंड उघडं असताना, सांगितलेलं आहे.

त्या दिवशी रोह्याचे साडू टेम्पोतून एक तगडा वानर घेऊन आले होते. वानरांची टोळी त्यांच्या वालाचा फडशा पाडत होती. त्यावर जुना उपाय असा, की एकाला धरून रंगवायचं आणि सोडायचं. तो आपल्या माणसांत जायला धावतो, तीच माणसं त्याला भिऊन पळतात, शेत वाचतं. साडू म्हणाले, "रंगारी घरातलाच हाय. बाहेर कशाला जाऊ?"

बायकोच्या बहिणीचं घर, नाही म्हणवेना. आप्पांनी स्प्रेगन उचलली. असा शेंदरी केला, की रस्त्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी पिंजऱ्याला हात जोडले. "शेपूट बघून परत घेतील त्याला," आप्पा हाताखाली रंग कालवणाऱ्या मला म्हणाले.

रोह्याला पिंजरा उघडला. तो शेपटी उभारून धावला. टोळी किंचाळत डोंगरापलीकडे गेली. बांधावर उभं राहून त्याने वळून स्वतःची शेपटी बघितली, असं आप्पा सांगत. एरवी थापा माझ्या असतात, ही त्यांची.

त्या वर्षी आप्पांचे सगळे गणपती खाली बघणारे निघाले. गिऱ्हाइकं कुरकुरली, देव आरतीलाही मान वर करीना. दर रविवारी आप्पा रॉकेलचा बोळा आणि केळी घेऊन रोह्याला जात. तो काही सापडला नाही. "डोळे आखणारा मी," एकदा म्हणाले, "आणि तोंड पुसून टाकलं त्याचं." पुढे कोणी 'लंगूर' म्हणालं, तरी ब्रश खाली येईना.

शेवटच्या आजारात तो आवाज उशीपर्यंतही पोचत नव्हता. त्यांनी खुणेने मला साडूंना फोन लावायला सांगितलं. स्पीकर चालू करून मी विचारलं, "आप्पा विचारतायत, त्या रंगवलेल्याला टोळीने परत घेतलं का?"

साडू म्हणाले, "वाल बरा आलाय यंदा."