बारडोलीच्या वाटेवर, अंधार न पाहिलेल्या कोंबड्या

सुरतेला गेले ते शोभाताईच्या कोंबड्या बघायला. ही माझी थोरली बहीण, डिंडोलीत राहते. साड्यांना टिकल्या चिकटवून तिचे डोळे कामातून गेले, म्हणून तिने आणि दाजींनी बारडोलीच्या वाटेवर पत्र्याची शेड घेऊन अंड्यांचा धंदा मांडला. पिल्लं ताईनेच वाढवली. हे चाललं तरच टिकल्या सुटणार होत्या.

अमळनेरहून येणार असाल तर सुरतेपर्यंत जाऊ नका, उधन्यालाच उतरा. डिंडोली तिथून जवळ. सकाळी लोचो खा, डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ, गरमच खा. पुढे बारडोलीकडे दोन्ही बाजूंना ऊस. हंगामात मात्र उसाचे ट्रॅक्टर पुढे जाऊ देत नाहीत.

इथवर मी खुशीत होते. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि डोकं फिरलं.

भर दुपारी दिवे चालू. रात्रीही चालूच असतात, पिल्लं होती तेव्हापासून, ताई म्हणाली. अंग भरायच्या आत कोंबड्या अंडी द्यायला लागल्या, लिंबाएवढी. अंडं घालताना काहींचं अंग बाहेर आलेलं, आणि बाकीच्या नेमक्या तिथेच चोची मारत होत्या. एक कोपऱ्यात मरून पडली होती.

दाजींची हयात कापडाच्या लूमवर गेली. यांना झोपू का देत नाही, असं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "लूम झोपस का कधी? मंग कोंबडीले कसानी झोप?"

उजेड वाढवला की अंडी वाढतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. खोटं नाही ते. हिवाळ्यात दिवस लहान झाला की मोठ्या कोंबडीला थोडा जादा उजेड देतात. पण या माणसाने पिल्लांनाच दिवसपाळी आणि रातपाळी लावली! ताई नको म्हणत होती, तर तिला यातलं काय कळतं म्हणे. मी त्यांना नाही नाही ते बोलले. ताईने माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं, पण मी ताट तसंच ठेवून उठले.

संध्याकाळी दाजी शेडवरूनच लूमच्या रातपाळीला गेले. अंधार पडताच ताईने उठून दिवे बंद केले. कोंबड्या घाबरून एकमेकींवर चढल्या. त्यांनी अंधार कधी पाहिलाच नव्हता. त्या निवेपर्यंत ताई आत उभी राहून त्यांच्याशी बोलत राहिली.

आता मी घरी आहे, आणि राग अजून तसाच आहे. ताई रोज दाजींशी भांडून दिवे घालवते. परवा फोनवर म्हणाली, "अंडी कमी शेतस. पण आते कोंबडी कोंबडीले खात नही."

दाजी गल्लीत सांगत फिरतात, कोंबड्यांची जातच आळशी निघाली. ताईने टिकल्यांचं काम पुन्हा घरी आणलंय.