आईनं शूटिंग थांबवलं
मी तीस वर्षं नाटकांत आणि मालिकांत लहानसहान भूमिका केल्या. हवालदार, तलाठी, नवरीचा मामा. त्यामुळे परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे घरापासून चार गल्ल्यांवरच्या शेतमालाच्या बाजारात, एका मालिकेचं शूटिंग होणार आणि त्यात मी आडत्या होणार हे ठरल्यावर मी गावभर सांगत सुटलो.

माझं वाक्य होतं, "कपाशी भिजलेली हाय, भाव न्हाई भेटायचा." मी रोज बोलतो तसंच बोललो.

दिग्दर्शक म्हणाला, "छान. पण गावाकडचं वाटत नाही."

बोली शिकवायला त्यांनी मुंबईहून एक तरुण आणला होता. त्यानं मला बाजूला घेतलं. "सर, मराठवाड्याची माणसं शब्द ओढतात," म्हणाला आणि त्यानं ओढून दाखवले. मला वाटलं, याची दाढ दुखत असावी. पण हातचं काम जाऊ नये म्हणून मीही ओढले. दहा वेळा चुकलो. अकराव्या वेळी सूर लागला, "कपाऽऽशी भिजल्याली हाऽऽय गाऽऽ..."

तेवढ्यात गर्दीतून माझी आई ओरडली, "आरं, असा का बोलून राह्यला? लकवा मारला का तुह्या तोंडाला?"

हमाल पोत्यांवर लोळून हसले. कॅमेरा थांबला. दिग्दर्शक आईकडे निघाला तेव्हा मी डोळेच मिटले. तो तिला विचारत होता, "आजी, तुम्ही बोलून दाखवता?"

आईनं पदर सारखा केला. "त्यात काय आवघड हाय? कपाशी वल्ली हाय बाबा, भाव कुठून भेटंल? जाय, वाळवून आण जल्दी."

तिला लगेच तराजूशेजारी बसवलं. आडत्याची आई म्हणून. तिचं एका दमात झालं.

मालिका लागली त्या दिवशी सगळी गल्ली आमच्या घरात होती. आई पडदाभर दिसली. माझं कोपर दिसलं आणि अर्धी टोपी. शेजारचे चाचा पाठ थोपटून म्हणाले, "कोपर बाकी बराबर आलंय." मी हसलो, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

महिन्याभरानं मालिकावाल्यांचा फोन आला. आईला मोठी भूमिका होती, भोकरदनकडं शूटिंग. आईनं फोनवरच अट घातली, "माह्या लेकालाबी कायतरी द्या, न्हाई तर मी येत न्हाई."

त्यांनी दिलं. मालिकेत आईच्या मेलेल्या दिराचा भिंतीवरचा फोटो मी आहे.

त्या फोटोसाठी मी नवा फेटा घेतला.